मूल सहज शिकतं

...नाही, पण मला एक सांगा, सहज म्हणजे नक्की कुणाला सहज? कारण आमच्या घरात मूल सहज शिकतं! शाळा नको, पाटी नको, वेळापत्रक तर मुळीच नको, असं आमचे हे म्हणतात. सकाळी नवाला, बुटाची नाडी बांधता बांधता. ‘अगं, तू मुद्दाम काही शिकवूच नकोस. तू आपलं घरातलं करत राहा, ती विचारेल, तू सांग. मूल सहज शिकतं.’ आणि दार ओढून घेतात ते संध्याकाळी सातपर्यंत. आत कोण? मी आणि साडेचार वर्षांची आमची ठकी.

आणि ठकी विचारते म्हणजे किती विचारते! दूध तापत ठेवलं की, ‘आई, दूध वर का येतं?’ तापलं म्हणून. ‘मग पाणी का नाही येत?’ अगं, पाण्याला साय नसते. ‘का नसते? त्याने काय केलं?’ आता पाण्याने काय केलं हे मी शोधेपर्यंत दूध ओट्यावर! संध्याकाळी हे ऐकतात आणि हरखून जातात, ‘वा! आज विज्ञान झालं!’ लगेच निळ्या वहीत लिहितात. वही आहे ना, ‘ठकीचं शिक्षण’ म्हणून! ओटा कोणी पुसला, ते त्या वहीत नाही.

मी काय करायची, माहितेय? कवळ्या. हसू नका! दातांच्या लॅबमध्ये सहा वर्षं काढलीत मी. मेणात एकेक दात बसवायचा, केसभर इकडेतिकडे झाला तर म्हातारं माणूस प्रत्येक घासाला कळवळतं. माझ्या हातची कवळी घालून एका आजोबांनी लॅबमध्ये येऊन सफरचंद कचाकचा खाऊन दाखवलं होतं, आणि मी, वेडी, रडले होते. मग ठकी झाली. म्हटलं, शाळेत जाईपर्यंत घरी, मग परत लॅबमध्ये. चार वर्षं दिवस मोजले हो! आणि पोरगी शाळेच्या वयाची होते न होते, तोच यांनी कुठेतरी काहीतरी वाचलं... मूल सहज शिकतं!

तर गेल्या आठवड्यात लॅबचे सर भेटले. म्हणाले, ‘बाई, एक जागा रिकामी होतेय. गुरुवारी अकराला फोन करतो, हो की नाही तेवढं सांगा. दुसरी एक जण तयारच आहे, मला थांबता यायचं नाही.’ मला तर काय बोलू नि काय नको! यांना सांगितलं. तर म्हणाले, ‘बरं, मिळाली नोकरी तर घालू ठकीला कोपऱ्यावरच्या बालवाडीत.’ मोठ्या मनाने, बरं का! मी माळ्यावरची प्लास्टरची पिशवी काढली. कवळीचे साचे करायचं प्लास्टर ते, म्हटलं, हाताला जरा सवय होऊ दे.

गुरुवार. साडेदहा. ठकीचं चाललंय, ‘आई, पाण्यातलं मीठ कुठे गेलं?’ विरघळलं. ‘आणि साखर?’ तीही विरघळली गं बाई. ‘मग हे?’ हे म्हणजे काय ते बघायला मी वळेपर्यंत बाईसाहेबांनी अख्खी पिशवी बादलीत कालवून मोरीत ओतलेली! अहो, प्लास्टर ते! बघता बघता त्याचा दगड होतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? बसले मोरीत, एका हातात हातोडी, एका हातात पेचकस, ठाक ठाक ठाक... आणि वाजला फोन!

‘ठकी, फोन आण! पळ!’ पण ठकी कशाला आणतेय? फोनवर गोड बोलायलाही सहज शिकलीय ना ती! मला मोरीत सगळं ऐकू येतंय. ‘हॅलो, कोण बोलतंय?... आई मोरीत बसलीय... नाही हो काका, काम बाबा करतात, ते ऑफिसला जातात. आई काहीच करत नाही. आई घरीच असते... हो, नेहमीच... अच्छा!’ आणि ठेवला! मी उठले, घसरले, गुडघा फुटला, पांढऱ्या हातांनी फोन लावतेय तर तिकडे एंगेज! चौथ्यांदा लागला. सर म्हणाले, ‘अहो बाई, मला वाटलं तुमचा विचार बदलला. दुसरीला आत्ताच हो म्हटलं. पण मुलगी मोठी गोड आहे हो तुमची!’

आहेच गोड. तिचा काय दोष? मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले, तर शेजारी येऊन बसली, माझ्या गालाला बोट लावून ते चाटलं आणि म्हणाली, ‘आई, हे खारट का असतं?’

संध्याकाळी सातला हे आले. सगळं ऐकून घेतलं, ‘अरेरे’ म्हणाले, म्हणाले हो, खोटं कशाला सांगू, आणि निळी वही उघडली. ‘विरघळतं: मीठ, साखर. विरघळत नाही: प्लास्टर. फोनवरचं बोलणं: उत्तम.’ मी म्हटलं, अहो, ते लिहा, पण आई काहीच करत नाही, हे तिला कुणी शिकवलं? तर वहीतून मान वर न काढता म्हणाले, ‘कुणी कशाला शिकवायला हवं? अगं, मूल सहज शिकतं.’

आणि तुम्हाला सांगते, लग्नाला आठ वर्षं झाली, पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं पटलं.