डबा रिकामा द्यायचा नाही

इथे अमेरिकेत नेपरव्हिलच्या थंडीला नावं ठेवणाऱ्या आमच्या सासूबाई जपानच्या बर्फात मात्र मजेत राहून आल्या. माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं, तिकडे ऑफिसचं काम होतं, ते संपल्यावर आम्ही तिघं एका स्की रिसॉर्टच्या हॉटेलात उतरलो. तिथे आपण जेवायला गेलो की बायका येऊन जमिनीवर गाद्या घालून जातात. सासूबाई एकदम खूश. सकाळी उठून त्यांनी सवयीने सगळ्या गाद्यांच्या घड्या घातल्या, कपाटात रचल्या आणि खोलीही आवरून टाकली.

थोड्या वेळात मॅनेजरबाई दारात. कमरेत वाकून म्हणाल्या, “सॉरी, आमच्या सर्व्हिसमध्ये काही कमी पडलं का?” आणि मिठाईने भरलेला सुरेख लाकडी डबा हातात ठेवला.

मिठाई संपल्यावर सुधीर म्हणाला, “आई, डबा परत देऊन येतो.”

“रिकामा?” सासूबाईंनी असं पाहिलं की तो खालीच बसला. बॅगेतले बेसनाचे लाडू डब्यात गेले.

संध्याकाळी डबा परत आला, तांदळाची बिस्किटं भरून.

“आई, आता पुरे यार.”

“त्यांनी दिला का रिकामा?”

शंकरपाळे गेले. निघताना बस सुटता सुटता मॅनेजरबाईंनी खिडकीतून डबा दिला, भरलेला. सासूबाई अख्खी फ्लाइट अस्वस्थ. घरी आल्याबरोबर चिवडा भरून पार्सल केलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात डबा परत आला.

तर चहाबरोबर या चकल्या घ्या. तुकडेच आहेत, काय करणार. अख्ख्या सगळ्या जपानला गेल्यात.