रूथबाईंचा हात

बसा मंडळी, जरा पुढे सरका. त्या मागच्या आजींना भिंतीशी टेकायला जागा द्या.

देवाचं नाव घेऊन झालं. आता गोष्ट. पण आधी एक विचारतो. आपण एखाद्याचं वाईट केलं. मग एके दिवशी जाऊन त्याचे पाय धरले आणि तो म्हणाला, "जा, माफ केलं." मिटलं का सगळं?

एवढ्यात माना डोलवू नका. ऐका.

आज गोष्ट गोल्फची आहे. हसा, मीही हसलो होतो. भर उन्हात चांगली शिकलेली माणसं काठीनं पांढरा चेंडू लांब मारतात, आणि मग आपणच तो शोधत फिरतात — याला खेळ म्हणतात! पण हा खेळ ज्याच्याकडून मला कळला, तो लहानू पठारे माझ्या मागे टाळ धरून उभा आहे. वळून वळून पाहू नका त्याच्याकडे. त्यानंच सांगितलं, "बुवा, नावासकट सांगा."

आमच्याकडच्या एका छावणीच्या गावात लष्कराचं गोल्फचं मैदान आहे. लहानू तिथं कॅडी. म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी उचलायची, चेंडू कुठं पडला ते बघायचं, कुठली काठी घ्यावी ते सांगायचं. तीस वर्षं केलं त्यानं हे काम. त्यातली शेवटची सात वर्षं एकाच बाईंसाठी.

मेजर रूथ ओहोळ. लष्कराच्या दवाखान्यात नर्स होत्या, मेजर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. पहाडात, वाळवंटात, कुठं कुठं राहिल्या. जखमी जवानाला सुई टोचली तर त्याला कळायचं नाही, असा हात. रविवारी सकाळी चर्च, आणि चर्चमधून थेट मैदान.

पुढे बाईंचे डोळे बिघडले. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसट. कडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. बाईंनी ही गोष्ट मैदानावर कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लोकांनी हात धरून खुर्चीत बसवलं असतं. प्रेमानंच बसवलं असतं, पण बसवलं असतं.

एकट्या लहानूला ठाऊक होतं. लांबचा टोला बाई सवयीनं मारायच्या. अडचण शेवटी यायची. चेंडू हिरवळीवर आला की तो हळूच घरंगळत होलमध्ये, म्हणजे त्या वाटीएवढ्या खळग्यात, घालायचा असतो. आता खळगाच दिसत नाही, तर नेम कुठे धरणार?

लहानूनं काय केलं? औषधाच्या बाटलीचं झाकण चेंडूवर बसवलं, त्याच्या कडेनं काळ्या मार्करची जाड रेघ मारली. कंपनीची बारीक खूण असते चेंडूवर, पण ती बाईंना दिसत नव्हती. ही पायाजवळची जाड रेघ तिरक्या नजरेनं दिसायची. लहानू खाली बसून चेंडू असा ठेवायचा की रेघेचं टोक बरोबर खळग्याकडे. मग म्हणायचा, "बाई, रेघ लागली." आणि बाजूला व्हायचा. बाई मान खाली घालायच्या, सगळं चित्त त्या रेघेवर, आणि रेघेच्या दिशेनं काठी लावायच्या. टक् — चेंडू आत.

सात वर्षं. "रेघ लागली" म्हटल्यावर बाईंनी एकदाही विचारलं नाही, नक्की ना? मंडळी, आपल्या घरात असं एक तरी माणूस आहे का आपल्यावर विसंबलेलं? असेल तर जपा.

मग एका रविवारी व्हरांड्यात चहा चालला होता. कोणी नवीन पाहुणे आले होते, ते म्हणाले, "मेजरसाहेब, या वयात काय नेम आहे तुमचा! कॅडी फार हुशार दिसतो." बाई पटकन म्हणाल्या, "नेम माझा आहे. लहानू नुसता चेंडू ठेवतो. ते कोणीही करेल."

लहानू पायरीवर बसला होता. त्यानं ऐकलं.

आता बाई असं का बोलल्या? चेंडू ठेवण्यात काय आहे हे उघड झालं, तर डोळ्यांचंही उघड होईल. झाकायला बोलल्या. आणि लहानूला हे कळत होतं! तो मला म्हणाला, "बुवा, मला समजत व्हतं. तरी लागलं." माणसाचं असंच असतं. कारण माहीत असतं, तरी आत काहीतरी कुरतडत राहतं.

पुढच्या आठवड्यात वर्षाची स्पर्धा होती. शेवटचा होल. बाई पुढे होत्या. चार पावलांवरून चेंडू आत गेला की जिंकल्या. लहानू खाली बसला. चेंडू ठेवला. रेघ लावली. आणि मग बोटानं चेंडू फिरवला. किती? तिळाएवढा.

"बाई, रेघ लागली."

बाईंनी मारला. चेंडू खळग्याच्या वीतभर बाजूनं निघून गेला.

"गेला का रे?"

"नाय बाई. उजवीकडनं गेला."

"रेघ नीट होती?"

मंडळी, इथं अजून वाट होती. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. पण लहानू म्हणाला, "रेघ बराबर व्हती."

बाईंनी आपला उजवा हात डोळ्यांच्या कडेशी धरून पाहिला. म्हणाल्या, "मग हात गेला म्हणायचा."

त्या दिवसापासून बाई मैदानावर आल्या नाहीत. लहानूला वाटलं, येतील पुढच्या रविवारी, तेव्हा सांगू. आल्या नाहीत. तो घरी गेला, तर पाहुणे बसलेले. परत आला. पुन्हा गेला, तर बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "लहानू, तू होतास म्हणून सात वर्षं खेळले. त्या दिवशी सगळ्यांसमोर वाईट बोलले, मनात ठेवू नकोस." आता कसं सांगणार? चहा पिऊन उठला. महिन्यानं बाई पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या.

तीन वर्षं गेली. या माणसानं तीन वर्षं माझ्यामागं टाळ वाजवला, मला पत्ता नाही. गेल्या माघात एकदा भजन चालू असताना त्याचा टाळ थांबला. नंतर विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. म्हटलं, चल, मी येतो बरोबर.

दुपारची वेळ. भाचीनं, नलिनीताईंनी, दार उघडलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. नजर आता पूर्ण गेलेली. पण आवाज ओळखला. "लहानू? अरे, ये ये, बैस."

तो बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. व्हरांडा, ते बोलणं, तीळभर फिरवलेला चेंडू, आणि नंतरचं खोटं. सांगून पायाशी बसला.

बाईंनी मग विचारलं काय? स्पर्धेचं नाही विचारलं. म्हणाल्या, "म्हणजे माझा हात थरथरला नव्हता?"

"नाय बाई. तुम्ही रेघेवरच मारला. हात सरळ व्हता."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंच आलं, मी पाहिलं. उजवा हात पुढे धरला, बोटं पसरली, कितीतरी वेळ तशीच धरली. हलली नाहीत. नलिनीताईंकडे तोंड करून म्हणाल्या, "बघ गं, हलतोय का?"

नलिनीताईंनी तोंडाला पदर लावला.

तेव्हा आतल्या खोलीतून अडीच वर्षांची मुलगी धावत आली आणि आम्हाला बघून आईच्या मागे लपली. बाई म्हणाल्या, "लहानू, ही जन्मली तेव्हा नलिनी म्हणाली, मावशी, घे. मी घेतली नाही. म्हटलं, माझा हात गेलाय, पडेल माझ्याकडून. तेव्हा मला थोडं दिसत होतं. कडेनं का होईना, तिचा चेहरा दिसला असता. जन्मभर दुसऱ्यांची पोरं हातात घेतली, हिला नाही घेतलं."

लहानू रडत होता. बाईंनी चाचपून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जा. माफ केलं. मनापासून केलं." आणि मग हळूच, जणू स्वतःशीच, "पण तेव्हा सांगायचं होतंस रे."

नलिनीताईंनी पोरीला उचलून बाईंच्या मांडीवर बसवलं. पोरगी दोन क्षण बसली आणि खाली उतरून पळाली. तिचं आता मांडीचं वय राहिलं नव्हतं.

मंडळी, माफी मिळाली. पुरी मिळाली. पण त्या बाईंना तीन वर्षं कोण देणार? देवाच्या दारातही ती मागायला जागा नाही. आपल्याला वाटतं, कबूल करणं हे आपलं मन हलकं करायला असतं. नाही हो. समोरचा माणूस आपल्या खोट्यावर विसंबून जगत असतो, रोज काहीतरी सोडत असतो, आणि आपण चांगली वेळ शोधत बसतो.

इथं बसलेल्यांत असं कोणी नाही, असं मी म्हणणार नाही. मीही त्यातच आहे. माझा धाकटा भाऊ संगमनेरला असतो, एवढंच सांगतो.

आज पुढचं भजन मी घेत नाही. आत्ता सात वाजलेत. माणसं जागी आहेत, जेवायला बसायची आहेत. ज्याला कुणाकडे जायचं असेल त्यानं आरतीसाठी थांबू नये. उठा. देव रागावणार नाही.