माझ्या वाट्याची चूक

(रविवारी, चर्चच्या आवारात.)

वच्छलाबाई : मग पाळक साहेब काय म्हणले?

करुणा : डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, करुणाबाई, प्रभूनं सोसलं, तुम्हीही सोसा. एका कागदाचा प्रश्न आहे, सही करून मोकळ्या व्हा.

वच्छलाबाई : अन् तू?

करुणा : आमेन म्हटलं. दुसरं काय म्हणणार मावशी? उपासना नुकती सुटली होती, मागं आठ-दहा जणी प्रार्थनेसाठी उभ्या होत्या.

वच्छलाबाई : बस इथं सावलीला. तोंड बघ कसं उतरलंय. झोपलीस का शुक्रवारपासून?

करुणा : डोळे मिटतात. झोप लागत नाही.

वच्छलाबाई : कागदावर काय हाय ते सांग. मी बत्तीस वर्सं त्याच दवाखान्यात आया व्हते. मला समजंल.

करुणा : लिहिलंय की मी, सिस्टर करुणा साळवे, माझ्या निष्काळजीपणामुळे पेशंट पुंजाराम यांना इन्सुलिन दोनदा दिलं. कोणत्याही डॉक्टरांनी तशी सूचना दिलेली नव्हती. खाली सहीला जागा. शैला मॅडमनी टाईप करूनच आणला कागद.

वच्छलाबाई : शैला म्हंजी आता मेट्रन हाय ती?

करुणा : हो. उद्या दहापर्यंत द्यायचाय. म्हणाल्या, सही केलीत तर ताकीद देऊन मिटवू, नाही केलीत तर घरी बसा, चौकशी लावू.

वच्छलाबाई : अन् डॉक्टरनं सांगितलं व्हतं का खरंच?

करुणा : फोनवर. शुक्रवारी रात्री जेवणाआधी, सातला, मी इन्सुलिन दिलेलं होतं. आठला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्यासमोर दुपारचा रिपोर्ट होता, त्यात साखर साडेतीनशे. म्हणाले, आत्ताच्या आत्ता इन्सुलिन द्या. मी म्हटलं, सर, सातला दिलंय, रिपोर्ट त्याच्या आधीचा आहे. तर म्हणाले, द्या म्हणतो ना! आणि फोन ठेवला.

वच्छलाबाई : मग दिलंस.

करुणा : दिलं. पाऊण तासात माणूस घामानं भिजला. बोबडं बोलायला लागला, बायकोला ओळखेना. मी ग्लुकोज चढवलं, शेजारी बसून राहिले, दर दहा मिनिटांनी साखर बघत होते. वाचला, मावशी. देवाची कृपा म्हणून वाचला. आता डॉक्टर म्हणतात, मी असं बोललोच नाही.

वच्छलाबाई : कुणी ऐकलं आसंल की.

करुणा : सोनिया होती, नवी पोरगी. फोन स्पीकरवर होता. काल माझ्या पाया पडली. म्हणते, मॅडम, मेरे को बीच में मत लाओ, मेरा तो अभी कॉन्ट्रॅक्ट है. मी कशाला तिला ओढू? तिच्या घरी कमावणारी ती एकटीच.

वच्छलाबाई : म्हंजी तूच येकटी.

करुणा : एकोणीस वर्षं एकटीच आहे तिथं. दोनदा इनचार्जची जागा निघाली, दोनदा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला दिली. रविवारी सुट्टी मागितली की म्हणतात, तुमचा देव सोमवारी बंद असतो का? सगळे हसतात. मीही हसते. घरी येऊन भांडी आपटते.

वच्छलाबाई : आपटावी. भांड्याला लागत नाय.

करुणा : पाळक साहेब म्हणतात, दुसरा गाल पुढं करावा.

वच्छलाबाई : गाल आपला आसतो. करावा पुढं. पण ही तर सही हाय, बाई. गालावर मारलं तर मारणाऱ्यालाबी ठावं आसतं आपण काय केलं. हितं तर त्यो म्हणतोय, मी मारलंच नाय, तिनंच आपलं थोबाड फोडून घेतलं, अन् तू खाली लिहून देणार, व्हय साहेब, खरंय.

करुणा : मावशी, एक गोष्ट आहे. पाळक साहेबांनाही सांगितली नाही.

वच्छलाबाई : सांग.

करुणा : मला कळत होतं.

वच्छलाबाई : काय?

करुणा : की हे द्यायला नको. सिरिंज भरताना हात थांबला होता माझा. परत फोन करायचा, साखर एकदा तपासून बघायची, एवढंच होतं. मशीन समोर टेबलावर होतं, मावशी. एका मिनिटाचं काम. पण मागच्या महिन्यात असंच उलट विचारलं तर सगळ्या वॉर्डसमोर मला म्हणाले होते, अक्कल चर्चमध्ये वापरा, इथं सांगितलेलं काम करा. परत ते ऐकायचं नव्हतं मला. सलग अकरावा दिवस होता ड्युटीचा. मनात म्हटलं, जाऊ दे, सांगितलंय ना त्यांनी. आणि दिलं.

वच्छलाबाई : वाईट केलंस.

करुणा : हो.

वच्छलाबाई : मघापासून त्या डॉक्टरला मनात शिव्या देत व्हते. आता दोघाला बी देते.

करुणा : म्हणून तर वाटतं, करून टाकावी सही. चूक माझीच तर आहे.

वच्छलाबाई : तुझी तुझ्यापुरती लिही. त्याची कामून उचलतीस?

करुणा : प्रभूनं नाही का सगळ्यांचं उचललं?

वच्छलाबाई : त्यो प्रभू व्हता! तू करुणा साळवे. दुसऱ्याचं पाप खांद्यावर घेऊन चालायचं काम येकाला जमलं, येकदाच जमलं. आपल्याला आपलं उचललं तरी लई झालं. अन् तू त्याचं घेतलंस तर त्याला काय मिळंल? उद्या दुसऱ्या सिस्टरला फोन करंल त्यो, असाच.

करुणा : नोकरी जाईल माझी.

वच्छलाबाई : जाईल बी. देव वाचवीलच आसं मी म्हणणार नाय. चांगल्या चांगल्या माणसांच्या गेल्यात.

करुणा : मग प्रार्थना कशाची करायची?

वच्छलाबाई : लिहिताना हात थांबू नये म्हणून.

करुणा : थकलेय मी, मावशी. खरंच थकलेय. खरं बोलायलाही अंगात जोर लागतो.

वच्छलाबाई : मला काय ठावं नाय व्हय ते? टेक इथं खांद्याला. कुणी बघत नाय. अन् बघितलं तर बघू दे.

करुणा : उद्या सकाळी लिहीन.

वच्छलाबाई : अन् त्या माणसाला सांगितलंस का?

करुणा : कोणाला?

वच्छलाबाई : ज्याला सुई टोचलीस त्याला. पाळकाकडं गेलीस, माझ्याकडं आलीस.

करुणा : त्यांना सांगितलंय की साखर अचानक उतरली, होतं असं कधीकधी.

वच्छलाबाई : कुणी सांगितलं?

करुणा : मीच.

(सोमवारी सकाळी अकरा वाजता, दवाखान्याच्या वॉर्डात. पुंजाराम झोपलेले आहेत. त्यांची बायको द्वारकाबाई खाटेशेजारी.)

द्वारकाबाई : आज ड्रेस नाय घातला, सिस्टर?

करुणा : आज ड्युटी नाही. काका कसे आहेत?

द्वारकाबाई : आत्ताच डोळा लागला. अर्धी वाटी पेज पिले. सारखं म्हणतेत, लासूरला चल, घरी चल.

करुणा : द्वारकाबाई, शुक्रवारचं सांगायचंय. साखर आपोआप उतरली नव्हती. इंजेक्शन दोनदा गेलं. मी दिलं.

द्वारकाबाई : दोनदा? म्हंजी चुकून?

करुणा : डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. एकदा दिलंय असं मी त्यांना म्हटलं, तरी द्या म्हणाले. पण मला कळत होतं की नको द्यायला. तरी दिलं. आणि तुम्हाला खोटं सांगितलं.

द्वारकाबाई : कळत व्हतं?

करुणा : हो.

द्वारकाबाई : मला ओळखलं नाय त्यांनी त्या दिशी. चाळीस वर्साचा संसार, अन् मला म्हणले, तुम्ही कोण बाई?

करुणा : मी तिथंच होते. ऐकलंय मी.

द्वारकाबाई : आज कामून सांगता मग?

करुणा : ऑफिसात आत्ताच लिहून दिलं. डॉक्टरांचं डॉक्टरांच्या नावावर, माझं माझ्या नावावर. मॅडमनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, फक्त स्वतःचं लिहिलं असतंत तर वाचल्या असतात. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. जायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला तक्रार करायची असेल तर माझंही नाव घ्या. मी नाही म्हणणार नाही.

द्वारकाबाई : मला राग आलाय, बाई. लई राग आलाय.

करुणा : येणारच.

द्वारकाबाई : डॉक्टर आला व्हता सकाळी. हसून गेला. काय बोलला नाय.

करुणा : हं.

द्वारकाबाई : तुमचे डोळे बघा कसे लाल झालेत. आता कुठं जाता?

करुणा : घरी. जरा पडते. एक वाजता साखर तपासायची आहे त्यांची, मी सोनियाला सांगून—

द्वारकाबाई : जावा तुम्ही. मी हाय त्यांच्यापाशी.