देवमाशाच्या नाकावर दूध

मंडळी, हात जोडा, मन जोडा, आणि सांगा — देवावर दूध ओतणारा भक्त मोठा, की देवाला श्वास घेऊ देणारा? हसू नका! कातळवेळ गावात एका सकाळी हाच प्रश्न उभा राहिला. नव्हे — आडवा पडला!

ओहोटीला वाळूवर देवमाशाचं पिल्लू! चांगली होडीएवढी लांबी — पण दूधपितं हो! आईपासून चुकलेलं. सारं गाव धावलं. आणि आपलं भाविक गाव! कुणी हळद लावतंय, कुणी हार घालतंय, कुणी पाठीला पाठ लावून फोटो काढतंय!

इतक्यात सोवळं नेसून गणू गुरव आले. हातात दुधाची कळशी. स्वभावानं तापट, पण मनात खोट नाही. "बाजूला व्हा! दारात देव आलाय, अभिषेक करतो!" म्हणाले, आणि कळशी नेमकी माशाच्या डोक्यावर कलती केली. तोच एक हात आडवा आला. मासळी विकणाऱ्या हौसाबाई तांडेलणीचा!

"हात काढ, हौसे! माझं सोवळं!"

"नाय काढणार! गुरवानू, नाक हाय त्याचं ते! डोक्यावरनं दम घेतो तो. बघा — उघडतंय, मिटतंय!"

गुरव वाकले. हौसाबाईनं हात उचलला. फुस्स! गरम वाफ थेट तोंडावर! मंडळी, गुरवांनी कळशी झटकन मागे घेतली. आईच्या दुधावरचं पोर — आपण दुधानंच गुदमरवत होतो!

आता ऐका. एके काळी तेलासाठी जगानं या जिवांची कत्तल केली. मग १९८२ साली देशोदेशींचे लोक एकत्र बसले आणि बहुमतानं ठरवलं, धंद्यासाठी देवमासा मारायचा नाही. अहो, आपलं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही! काही देशांनी ऐकलं नाही, अजून मारतात. पण पुष्कळ जीव वाचले, हेही खरं. मात्र ठराव झाला दूर, आणि पिल्लू पडलं होतं इथं. त्याला ओलं कोण ठेवणार?

वनखात्याच्या साळवीबाई धावत आल्या. म्हणाल्या, "ओली कापडं घाला, नाक मोकळं ठेवा. भरतीपर्यंत कातडी सुकली तर संपलं!"

बायकांनी ओढण्या दिल्या, पुरुषांनी पंचे. तरी शेपटाकडे उघडंच! गुरव आडोशाला गेले, पंचा गुंडाळून आले. आणि मासळीच्या वासानं नाक मुरडणाऱ्या त्या माणसानं रेशमी सोवळं समुद्रात बुडवून पिल्लावर पांघरलं! दुपारपर्यंत कळशीनं पाणी घालत राहिले. तीच कळशी बरं!

भरती आली. पट्टे बांधून होड्यांनी ओढलं. पिल्लू हललं, वळलं, गेलं! आई भेटली का? मला ठाऊक नाही. या पाटावर बसून खोटं सांगणार नाही. पण गुरवांच्या सोवळ्याला अजून वास येतो, आणि ते तेच नेसून पूजा करतात.

उद्या नारळीपौर्णिमा. नारळ आणलेत ना? वर करा. वर करा! ... अरेरे! प्रत्येक नारळ प्लास्टिकच्या पिशवीत! उद्या पिशवीसकट समुद्रात टाकाल, ती कुणाच्या पोटात जाईल? उठा. पिशव्या काढून इथं माझ्या पाटाशी ठेवा. हौसाबाई मागे बसल्यात, त्या बघतायत. शेवटची पिशवी येऊ दे — मग आरती!