भिमाजीनं मेंडोलिनला रिव्हेट मारलं

...नाही नाही, उठू नका, चहा येतोय, पण आधी तुम्ही चार शहाणी माणसं न्याय करा, यात माझी काय चूक? उभ्या चिंचवडात जो उठतो तो मलाच विचारतो! परवा न्हाव्यानंसुद्धा वस्तरा गळ्याशी आणून विचारलं, "लक्ष्मणराव, काय केलं हो त्या पोराचं?" आता वस्तरा गळ्याशी असताना माणूस काय बोलणार? अहो, मी केलं काय? एक वाक्य बोललो. एक! माणूस दिवसाला हजार वाक्यं बोलतो, त्यातली निम्मी थापा असतात, कुणी मोजतं का? माझंच बरं मोजलं!

तुम्हाला सांगतो, भिमाजी म्हणजे आमच्या चाळीतला, शेवटच्या खोलीतला, कराडकडून आलेला फिटर. आईबाप नाहीत, खानावळीत जेवतो, आणि हाताला असा सच्चा की कानशीनं केसाइतकं घासायला सांगा, अर्धा केस घासून विचारेल, "अजून घासू?" पण कुठं काही ढिलं दिसलं की त्याला झोप नाही. माझ्या दाराची कडी जरा हलत होती, यानं न विचारता अशी आवळली की दोन दिवस मी खिडकीतनं येजा केली! तर या भिमाजीला सत्ताविसावं लागलं, दोन स्थळं मोडली, का, तर "कारखान्याचं काय, आज भोंगा हाय, उद्या न्हाई." म्हणून मी, कुणी सांगितलं नसताना, पदरचं पेट्रोल... म्हणजे पदरची सायकल घालून चाकणचं स्थळ आणलं. उद्धवराव, कांद्याचे व्यापारी, मुलगी मंजुळा.

गेलो बघायला. पोहे झाले. मंजुळेनं त्याला एकच प्रश्न विचारला, "कारखान्यात मशिनीत बोटं जात्यात म्हणं. तुमची किती हायत?" भिमाजीनं दोन्ही हात पुढं केले, उलटे, सुलटे, मालाची तपासणी द्यावी तसे. ती म्हणाली, "दहा," आणि आत गेली. बस, तिथंच आमचा फिटर गेला! दुसऱ्या दिवशी कामावर कानस उलटी चालवत होता म्हणतात.

पण उद्धवराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "त्याचं काय हाय लक्ष्मणराव, तळेगावचं एक मास्तराचं स्थळ आलंय. मास्तर पेटी वाजिवतो. तुमचा पोरगा भोंगा वाजल्यावर पळतो, त्याबिगर काय करतो?" आता बघा, पोराचा चेहरा असा पडला, असा पडला... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरगा मेंडोलिन वाजवतो!"

आता तुम्ही म्हणाल, मेंडोलिनच का? अहो, त्यातच तर अक्कल आहे! पेटी म्हणालो असतो तर उद्धवरावांनी तिथल्या तिथं पेटी पुढं सरकवली असती, तबला म्हणालो असतो तर शेजारून आणला असता. मेंडोलिन उभ्या चाकणात कुणाकडं असणार? मी चौथी नापास, पण असं तोलून बोलतो! मला काय ठाऊक उद्धवराव म्हणतील, "मग साखरपुड्याला वाजवा की. महिन्यानं हाय. ऐकू, आन् मग सुपारी फोडू." आता यात माझी काय चूक?

परत येताना तळवड्यापर्यंत भिमाजी मान खाली घालून सायकल हाणत होता. तळवड्याला सायकल उभी केली आणि म्हणाला, "काका, मेंडोलिन म्हंजी काय असतं?"

मग त्याला धरून नेला मन्सूरकडं. मन्सूरचं पिंपरी स्टेशनाशी सायकलचं दुकान, दिवसा पंक्चर काढतो आणि उरुसाच्या दिवसांत कव्वाली पार्टीत मेंडोलिन वाजवतो. त्यानं ऐकून घेतलं आणि टायर बाजूला ठेवून हसला, इतका हसला की पंपाचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाला, "देख भिमाजी, चमकणारी घेऊ नको, शिंपले जडवलेली तर मुळीच नको, ती नाचणाऱ्याच्या कामाची. साधी घे, जुनी घे, पन वाकडी नको. दांडी डोळ्याला लावून बघ, बंदूक धरतात तशी. तारा पडद्याला, म्हंजी दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना, जवळ पायजे, लांब असल्या तर तुझी बोटं फाटतील. आन् तारा आवळायच्या चाव्या फिरवून बघ, अडकता कामा नये. बास! आता मी चाललो उरुसाला, वीस रोज. आल्यावर मी सुरात लावून देतो. तवर हात लावू नको!" हे शेवटचं तीनदा सांगितलं. तीनदा! मी साक्षीला.

पुण्याला बुधवारात दुकान. मालक गल्ल्यावर बसलेला, नाकात बोलणारा. भिमाजीनं खिशातनं काय काढावं? सहा इंची पोलादी पट्टी! एकेक मेंडोलिन उचलतो, दांडी डोळ्याला लावतो, तारेखाली पट्टी घालतो, चाव्या फिरवतो, पुटपुटतो. पाऊण तासानं मालक म्हणाला, "आपल्याला वाजवायला हवंय की मोजायला?" भिमाजी म्हणाला, "आधी मोजतो." मालक माझ्याकडं वळला, "हे गृहस्थ मुलगी बघायला गेले तेव्हाही पट्टी नेली होती का?" मी म्हणालो, "तिनंच याची बोटं मोजली!" पण तुम्हाला खोटं नाही सांगत, पोरानं निवडली ती बरोबर निवडली. कोपऱ्यात धूळ खात पडलेली, चपट्या पाठीची, रंग उडालेली, पण दांडी अशी सरळ की ओळंबा लावावा. तीन आठवड्यांचा ओव्हरटाइम गेला, पण वस्तू खरी आली. इथंच थांबला असता तर! पण हा फिटर आहे हो, हा कसा थांबेल?

तारांना होता गंज. मेंडोलिनला तारा आठ, जोडीजोडीनं. शहाणा माणूस एकेक काढून एकेक पुसतो. यानं आठही एकदम सोडल्या, आणि तारांखालची ती लाकडी घोडी असते ना, जिच्या पाठीवर तारा बसतात, ती टप्पकन खाली पडली! भिमाजी माझ्या दारात, चेहरा पांढरा, हातात ते बोटभर लाकूड, "काका, फसवलं! ह्यो पार्ट ढिला व्हता! नुसता ठेवलेला! ना इस्क्रू, ना डिंक, काहीच न्हाई!" मी काय म्हणालो? मी एवढंच म्हणालो, "मग तुझ्यासारख्या फिटरनं ढिला पार्ट तसाच ठेवायचा का रे?" गंमत केली हो! म्हाताऱ्यानं जरा गंमतही करू नये? यात माझी काय चूक?

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय... पॉलिश कागदानं घासून घासून पाट, म्हणजे मेंडोलिनच्या पोटावरची फळी, आरशासारखा केलेला, त्यात घोडीची जुनी खूणही गेली, आणि यानं पोटावरचं भोक आणि तारा अडकवायची शेपटी यांच्या मधोमध, पट्टी लावून, अगदी मधोमध, भोकं पाडून घोडीला तांब्याची दोन रिव्हेट मारलेली! भोकातनं दोन बोटं घालून आतनं वायसर लावलेले! अंगठ्यानं दाबून दाखवत म्हणतो, "आता रेडा बांधा हिला, हलायची न्हाई."

खरंच हलली नाही. आणि सूरही आला नाही. बोट न ठेवता मोकळ्या तारा छेडल्या की छान वाजायच्या, पण पडद्यावर बोट ठेवलं की असा आवाज यायचा, जसं कुणी मांजराला हळू आवाजात समजावतंय. पोरगा कामावरनं आला की हातपाय धुऊन बसायचा. टॅंव... टॅंव... बोटांची सालटी निघाली. शेजारच्या अंबूबाई भिंत ठोकायच्या, "भिमाजी, अरे माझं दूध नासलं!" आणि त्याला वाटायचं दोष आपल्या कानाचा आहे. एके संध्याकाळी गेलो तर दिवा न लावता बसलेला. म्हणाला, "काका, भोंग्याशेजारी उभा ऱ्हाऊन माझे कान गेले जणू. मास्तराचं बरं हाय. तिला मास्तरच मिळू दे." तुम्हाला सांगतो, त्या वेळी मलाही हसू आलं नाही. घरी आलो, जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती.

उरूस लांबला आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मन्सूर परतला. मेंडोलिन बघितली आणि मटकन बाकड्यावर बसला. "या अल्ला! घोडीला रिव्हेट! अरे ती तारांच्या दाबानं बसते, मोकळीच असते, सुराप्रमाणं पुढंमागं सरकवायची असते! तू तर तिला फाशी दिली!" भिमाजी म्हणाला, "मग काढतो." "आज काढलीस तर पाट चिरेल. उद्या वाजवायचंय ना? मग ऐक. डाव्या हातानं काही दाबू नको. मोकळ्या चार जोड्या मी नीट लावतो, त्याच वाजव, खाली वर, खाली वर. चाकणात कोण मेंडोलिन ऐकून बसलंय?" शाबास! मी म्हणालो, हा माझ्या जातीचा माणूस!

गेलो चाकणला. ओसरीवर तीस-चाळीस माणूस, कारण उद्धवरावांनी आख्ख्या पेठेला सांगून ठेवलेलं, "माझा जावई ते नवं वाद्य वाजिवतो, लग्नात मांडवातबी वाजणार!" भिमाजी बसला, घामानं टोपी भिजलेली. टिंग टिंग, टुंग टुंग, खाली वर, खाली वर. चारच सूर, पण स्वच्छ! आणि काय सांगू, लोकांनी माना डोलवल्या! एक आजोबा म्हणाले, "व्हय, ह्येच त्ये!" जसं काही रोज ऐकतात! उद्धवरावांनी सुपारी हातात घेतली. मी मनात म्हटलं, जिंकलं!

तेवढ्यात दारामागनं मंजुळेचा आवाज, "आई, इचार की, दुसरा हात नुसता धरायलाच असतो व्हय? त्यो हललाच न्हाई."

मी घाईनं तोंड उघडलं, दोन-तीन थापा तयार होत्या, चांगल्या होत्या! पण भिमाजीनं मेंडोलिन खाली ठेवली. म्हणाला, "न्हाई. दुसऱ्या हाताचं काम मला येत न्हाई. मला वाजवताच येत न्हाई. महिना झाला शिकतोय. घोडी म्याच खिळली, मला ठाव नव्हतं ती मोकळी असती. ह्यो जॉब रिजेक्ट हाय. पास करू नका." अहो, सुपारी फुटायला निमिष उरलेलं, आणि हा स्वतःचाच माल नापास करतो! असला कसला फिटर!

उद्धवराव उठले. मिशा थरथरतायत. "माझ्या दारात येऊन खोटं? मास्तराला उद्याच निरोप धाडतो!" भिमाजी उभा राहिला, हात जोडले, पायताण शोधायला लागला. ते सापडेना, आणि डोळ्यात पाणी असल्यावर सापडतंय कुठं! एवढ्यात आतनं कौशल्याबाई, मुलीची आई, बाहेर आल्या, "थांबा जरा. पोरगी म्हणतीया, मास्तरानं पेटी वाजिवली तवा तिसऱ्या कडव्याला चुकला, आन् सूर पेटीचा बिघडला म्हणाला. ह्यानं सोताची चूक सोता सांगितली. तिला ह्योच पायजे."

उद्धवरावांनी हातातल्या सुपारीकडं बघितलं. मग खाली बसले. फोडली! मी टाळी वाजवली. एकट्यानंच.

"पोराचं झालं," उद्धवराव म्हणाले. "पण पेठेला मी सांगून बसलोय, मांडवात मेंडोलिन वाजणार. माझा शब्द हाय. मंग वाजवंल कोण?" आणि तीस-चाळीस माना एकदम माझ्याकडं वळल्या! "ज्याच्या तोंडून निघालं, त्यो वाजवंल. नुसती टिंग टुंग न्हाई, दोन्ही हातांनी. न्हाईतर लग्न पुढच्या सालाला!"

भिमाजीनं ती रिव्हेट मोठ्या कसबानं काढली, मन्सूरनं घोडी जागेवर बसवली, आणि आता दोघं रोज संध्याकाळी येऊन माझ्या दोन्ही बाजूंना बसतात. पोरगा पट्टी काढून माझ्या बोटांचं अंतर मोजतो हो! चौसष्टाव्या वर्षी! लग्न अठरा दिवसांवर आलंय. आता तुम्हीच सांगा, यात माझी... बरं, जाऊ द्या. लग्नात मध्यस्थाला फेटा बांधायची रीत आहे, मलाही उद्धवरावांनी साखरपुड्यातच मान दिला, सगळ्यांसमोर, कुंकू लावून. फेटा नाही. तारा छेडायची नखी दिली... घेतली. काय करता!