सात पंचविसाचं चित्र

(इस्पितळातल्या तातडीच्या विभागाबाहेरचा बाक. दुपारचे सव्वाबारा. काचेच्या दाराआड वडील आहेत. बाकावर धाकटा, ताई आत्ताच धावतपळत येऊन त्याच्याशेजारी बसली आहे.)

ताई: ते सगळं नंतर. डॉक्टरांना तू नक्की काय सांगितलंस, ते शब्दाला शब्द सांग.

धाकटा: नऊ म्हणालो. नऊ वाजता चहाचा कप न्यायला गॅलरीत गेलो, तर बाबांना खुर्चीतून उठताच येईना. उजवा हात लुळा पडलेला. बोलणं कळेना. मग मी अँब्युलन्स बोलावली.

ताई: आणि डॉक्टर काय म्हणतायत?

धाकटा: मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली असणार म्हणतायत. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं. उशिरा दिलं तर उलट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ताई: नऊ आणि साडेचार, दीड. आत्ता सव्वाबारा. अरे, मग वेळ आहे की! तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं झालंय?

धाकटा: स्कॅनचा रिपोर्ट यायचाय. दहा मिनिटांत येईल म्हणाल्या.

ताई: येऊ दे. देव पावला म्हणायचा. मी गाडीत बसल्यापासून हात जोडूनच बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, बाई, मी बरा चालवतो, इतकं घाबरू नका. तू काही खाल्लंस का? आणि हातात काय ते? वही?

धाकटा: हातातच राहिली.

ताई: धन्य आहेस रे, रेघोट्या! बाबांच्या चपला नाहीत, गोळ्यांची पिशवी नाही, आणि वही मात्र बरोबर. उद्या घराला आग लागली तर तू आधी पेन्सिलीला टोक करशील.

धाकटा: ताई, वही बघ.

ताई: आत्ता? ही चित्रं बघायची वेळ आहे?

धाकटा: शेवटची दोन पानं. बघ ना गं.

ताई: आण इकडे. हं. बाबा. गॅलरी, वेताची खुर्ची, पेपर. रोजचंच तर आहे. तुझ्या कॉमिकमधला तो आजोबा. परवा फोनवर मला म्हणत होते, "पोरी, तू हेडक्लार्क झालीस, पण वाचकांची पत्रं मला येतात." तुझ्या अंकांच्या घड्या घालायच्या, टाचण्या मारायच्या, पुस्तकांच्या जत्रेत तुझ्या टेबलामागे उभं राहून लोकांना सांगायचं, यातला म्हातारा तो मीच. काय मिरवतात!

धाकटा: कोपऱ्यात वेळ लिहिलीय, ती वाच. प्रत्येक चित्राला मी वेळ घालतो. सकाळी दहा-दहा मिनिटांत एकेक काढायचं, हात मोकळा होईपर्यंत. मग आत जाऊन खरं काम.

ताई: सात पाच. सात पंधरा. सात पंचवीस. बरं, मग?

धाकटा: शेवटचं उजेडाकडे धर. तोंडापाशी बघ.

ताई: खोडलंयस काहीतरी. कागद पार खरवडलाय.

धाकटा: खाली काय दिसतं?

ताई: रेघ दिसतेय. ओठाची. तिरकी आहे, एक कोपरा खाली आलाय. मग वरून सरळ काढलायस. म्हणजे काय? रेघ चुकली, सुधारलीस.

धाकटा: चुकली नव्हती. दिसलं तसंच काढलं होतं मी. मग मान मागे घेऊन बघितलं आणि वाटलं, छे, आपला हात घसरला. बाबांचं तोंड असं कुठे आहे? बारा वर्षं काढतोय मी ते. म्हणून खोडलं. समोर बाबांचं तोंड वाकडं झालं होतं, ताई, आणि मी कागदावरचं सरळ करत बसलो होतो.

ताई: थांब.

धाकटा: सात पंचवीस आणि साडेचार तास. अकरा पंचावन्न होतात. वीस मिनिटांपूर्वीच...

ताई: थांब म्हटलं ना! मला हिशेब येतो. एका खोडलेल्या रेघेवरून तू इतकं सगळं ठरवलंस? तुझा हात कधी चुकत नाही का? माझ्या लग्नात माझं चित्र काढलं होतंस, त्यात तीन हनुवट्या होत्या. होत्या का मला?

धाकटा: होत्या.

ताई: गाढवा! हसवू नकोस मला आत्ता. नीट ऐक. तुला नऊ वाजता कळलं. तू नऊ सांगितलंस. यात खोटं काय आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. वही माझ्या पर्समध्ये टाक आणि गप्प बस.

धाकटा: आणि रक्तस्राव झाला तर?

ताई: आणि इंजेक्शन दिलंच नाही तर? वाचा जाईल त्यांची! भाजी घ्यायला गेले तर अर्धा तास गप्पा मारून येणारा माणूस तो, पिशवी रिकामीच घेऊन. न बोलता कसा जगेल सांग?

धाकटा: मला माहीत नाही. मला काहीच कळत नाहीये, ताई. हो म्हटलं तरी मीच मारणार, नाही म्हटलं तरी मीच.

ताई: रडू नकोस. तू रडलास की मला सुचत नाही.

धाकटा: अजून एक आहे.

ताई: अजून काय राहिलंय?

धाकटा: तेव्हा ते काहीतरी बोलत होते. तोंडात घास असल्यासारखं. मला नीट ऐकू आलं नाही. मी ओठच काढत होतो ना. म्हणालो, "बाबा, दोन मिनिटं बोलू नका, तोंड हलतंय."

ताई: मग?

धाकटा: मग गप्प बसले. रोज बसतात तसे. मी हलू नका म्हटलं की जागचे हलत नाहीत. मला म्हणायचे, ही माझी निवृत्तीनंतरची नोकरी, पगार नाही, पण साहेब कडक आहे. मी चित्र पुरं केलं, वेळ घातली, "झालं, बाबा" म्हणालो आणि त्यांच्याकडे न बघताच आत गेलो. दीड तास पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवत होतो. त्यांचीच पानं. नऊ वाजता गेलो तर कप भरलेलाच होता. चहावर साय धरली होती.

ताई: तुला काय बोलू मी? थोबाडीत मारावीशी वाटतेय. आणि जवळही घ्यावंसं वाटतंय. दोन्ही जमत नाहीये.

डॉक्टर: बाबांबरोबर तुम्ही दोघंच का? रिपोर्ट आला. रक्तस्राव नाही, गुठळीच आहे. बारीक शिरेत आहे, त्यामुळे तार घालून काढण्यासारखी नाही. इंजेक्शन देता येईल. त्याआधी एकदा पुन्हा विचारते. त्रास नऊला सुरू झाला. त्याआधी ते पूर्ण ठीक होते. नक्की?

ताई: नक्की. नऊलाच.

डॉक्टर: तुम्ही तिथे होतात?

ताई: मी नाही, हा होता.

डॉक्टर: मग त्यांना बोलू द्या.

धाकटा: डॉक्टर, ठीक असताना मी त्यांना शेवटचं सात पंधराला बघितलं.

ताई: अरे...

धाकटा: हे सात पंधराचं चित्र. यात ओठ नीट आहे. हे सात पंचविसाचं. इथे खोडलंय, त्याच्या खालची रेघ खरी. वरची मी माझ्या मनाने काढलीय.

डॉक्टर: वेळ तेव्हाच लिहिलीत? घड्याळ बघून?

धाकटा: हो. सवय आहे.

डॉक्टर: हातही बघा. आधीच्या चित्रात पेपर दोन्ही हातांत आहे. यात एकाच. उजवा हात खुर्चीखाली लोंबतोय.

धाकटा: तो... तो मी बघितलाच नव्हता.

डॉक्टर: काढलाय तर तुम्हीच.

ताई: अहो डॉक्टर, हे कॉमिक आहे! हा माणसांना बटाट्यासारखी नाकं काढतो. माझ्या नवऱ्याला घूस केलं होतं यानं. याच्या चित्रावर काय जाता तुम्ही? द्या ना हो इंजेक्शन. मी सही करते. जे होईल ते माझ्या माथी.

डॉक्टर: सही तुमची असेल, पण सुई माझ्या हातात असते. साडेचार तास उलटून गेलेत. आता दिलं तर भलं होण्यापेक्षा घात व्हायचा धोका जास्त. नाही देता येणार मला.

ताई: आणि साडेसातलाच आणलं असतं तर?

डॉक्टर: तो विचार आत्ता नका करू.

ताई: नाही, सांगा.

डॉक्टर: वेळेत मिळालं असतं. हात, वाचा, बरंचसं परत यायची शक्यता चांगली होती. खात्री तेव्हाही कोणी दिली नसती.

धाकटा: आणि मी आत्ता बोललोच नसतो तर?

डॉक्टर: तर मी दिलं असतं. पुढे काय झालं असतं, ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही सांगितलंत हे योग्य केलंत. गोळ्या लगेच सुरू करते. दोन दिवस बारकाईने लक्ष ठेवावं लागेल. या दोन पानांचे फोटो घेते, केसपेपरला लावायला. येते मी.

ताई: योग्य केलंत म्हणे. योग्य करून मिळालं काय आपल्याला?

धाकटा: चिडलीस?

ताई: चिडले. तुझ्या जागी मी असते तरी सांगितलंच असतं बहुतेक, म्हणून जास्त चिडले. पुढच्या अंकात काय करणार तू? तोंड कसं काढणार त्यांचं?

धाकटा: नको ना विचारू.

ताई: मी नाही विचारत. तेच विचारतील.

नर्स: चला, एकाला आत सोडते. खाटेशेजारी बसायचं. ते बोलायला बघतायत, शब्द फुटत नाहीयेत. बोलू द्या त्यांना, मध्येच थांबवू नका. आणि चेहऱ्यावरची नजर हलवायची नाही. ओठ आणखी ओघळला, डोळा मिटेनासा झाला, काहीही वेगळं वाटलं की लगेच मला हाक मारायची. तुम्ही या, दादा. मुलगा ना?

धाकटा: ताई, तू जा.

ताई: मी? अरे, ते तुलाच शोधत असतील.

नर्स: दाराकडेच बघतायत मघापासून. आणि दादा, रोज जवळ असणारंच माणूस लागतं हो याला. ज्याला चेहरा पाठ आहे, त्यालाच फरक कळतो.

धाकटा: मला पाठ आहे, सिस्टर. पाठ होता म्हणूनच खोडलं मी. ताईला बसवा.