बाईंनी विचारलं की सांगायचं

— घेतो ना, तुमचा नंबर घेतो, वहिनींचाही घेतो, पण आधी बसा तर खरं. चपला राहू द्या हो. कॉलनीच्या ग्रुपात कुणालाही घ्यायचं तर आधी दहा मिनिटं समोर बसवून बोलतो मी — आठ वर्षं अ‍ॅडमिन आहे, उगाच नाही. चारशे बारा माणसं. प्लंबर हवाय, विचारा. गिझर बिघडला, विचारा. जुना पलंग द्यायचाय, मांजर हरवलंय, अमका दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो — पाच मिनिटांत उत्तर. आणि संध्याकाळी राजकारण. ते हवंच. नुसत्या नळ-गिझरवर माणसं टिकत नाहीत. तुम्ही कुणाच्या बाजूचे? — बरं, राहू द्या, कळेलच.

तिसरा मजला, डावीकडचा ना? म्हणजे बाईंचा फ्लॅट. एजंट बोलला नाही? शाळेत भाषा शिकवायच्या, रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. स्वयंपाकघराच्या दारावर डिंकाचे डाग दिसले असतील — त्यांच्या चिठ्ठ्यांचे ते. घासले की जातात. नाही नाही, वारल्या नाहीत. वृद्धांच्या संस्थेत आहेत. डोकं गेलं. म्हणजे — गेलं म्हणा, आता तसंच म्हणायचं.

स्मरणशक्ती काय होती, विचारू नका! तीस वर्षांपूर्वीच्या वर्गाचा पट, हजेरी क्रमांकासकट. माझ्या धाकट्या भावाचा नंबर सतरा, हे त्याला स्वतःला आठवत नाही, बाईंना आठवायचं. आणि हीच तर खोड. मागच्या निवडणुकीच्या आधी मी ग्रुपवर एक लेख टाकला होता — लेखच म्हणायचा, तीन दिवस खपलो होतो — आपल्या लोकांनी काय काय केलं, पूल, दवाखाना, सगळं. नऊ मिनिटांत बाईंचं उत्तर. ‘पूल आधीच्या मंडळींच्या काळात झाला, मी मुलांना घेऊन उद्घाटनाला गेले होते. आणि दादा, निर्भीडमधला भी दीर्घ असतो.’ चारशे माणसांत! हसरे चेहरे किती पडले, माहितेय? सत्त्याऐंशी. मी मोजले. त्यातला एक आमच्या जावयाचा.

राग? छे, राग कसला. मी रागावणारा माणूसच नाही. गंमत म्हणून सुरू झालं — मी, खालचा केमिस्ट आणि पहिल्या मजल्यावरची ती बँकवाली, आमचा तिघांचा वेगळा छोटा ग्रुप आहे. ठरलं असं, की बाईंनी काही विचारलं तर सांगायचं. नाही म्हणायचं नाही, गप्प बसायचं नाही — सांगायचं, फक्त चुकीचं. टाकी धुणार होते, बाईंनी विचारलं, पाणी कधी येईल? मी लिहिलं, चारला. आलं दहाला. मग मी माझा मेसेज पुसून ‘दहा’ टाकलं. आपलं अ‍ॅप नेहमीचं नाही हां, कॉलनीचं वेगळं आहे, अ‍ॅडमिनने पुसलं की मागमूस राहत नाही. दुसऱ्या दिवशी बाई म्हणतात, दादा, तुम्ही चार म्हणाला होतात. केमिस्ट लगेच — कुठे बाई? दहाच लिहिलंय की. बँकवाली म्हणते, मीही दहाच वाचलं. मग बाईंनी लिहिलं, ‘माझंच चुकलं, धन्यवाद.’

त्या धन्यवादने आम्ही जे हसलो! — तुम्ही नाही हसलात. सांगताना तेवढी मजा येत नाही, बघायला हवं होतं. कॉलनीची मीटिंग खालच्या हॉलमध्ये, आम्ही बाईंना तेवढं सांगितलं गच्चीवर, त्यांनी वाचलं की पुसलं. बाई आपली खुर्ची घेऊन वर, टळटळीत उन्हात, पर्स मांडीवर ठेवून तासभर एकट्या बसल्या होत्या. बँकवालीने जिन्यातून फोटो काढला, पाठमोरा. आहे माझ्याकडे, दाखवू? — बरं, नको तर नको.

मतदानाच्या दिवशीचं मात्र थोडं जास्त झालं, कबूल करतो. केंद्र बदललं होतं, बाईंनी दुपारी विचारलं, कुठली शाळा? त्यांचं घरचं नेट तेव्हा बंद होतं, फोनवर कसाबसा ग्रुप दिसायचा, म्हणून मलाच विचारलं. मी पार दुसऱ्या टोकाची शाळा सांगितली. दोन तास रांगेत उभ्या. तिथे यादीत नाव नाही. रिक्षा मिळेना, चालत आल्या, इकडे येईपर्यंत फाटक बंद. एकवीस वर्षांच्या असल्यापासून एक मत चुकवलं नव्हतं म्हणे. फाटकाचे गज धरून उभ्या होत्या, शिपाई सांगत होता. आता एका मतानं काय होतंय? आपले नाहीतरी हजारांच्या फरकानं निवडून आले.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. प्रत्येक उत्तर कागदावर उतरवायचं आणि दाराला चिकटवायचं, खाली तारीख, वेळ. आम्हाला वाटलं, आता पकडणार! पण गंमत बघा, मी मेसेज बदलला की चिठ्ठी आणि ग्रुप यांचा मेळ बसायचा नाही, आणि बाईंचा विश्वास स्वतःच्या अक्षरापेक्षा ग्रुपवर जास्त. छापील दिसतं ना ते. एक दिवस दुपारी आल्या, इथे, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसल्या. हातात सात-आठ चिठ्ठ्या. म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही जबाबदार माणूस आहात, तुम्हालाच विचारते. खरं सांगा, मी हे कुठून लिहिलं? तुम्ही असं काही सांगितलं होतं का?’ आमची ही तिथे, त्या दारात उभी. माझ्याकडे बघत होती. एक शब्द पुरला असता, मला कळतं ते, मी काही दगड नाही. पण मग चारशे माणसांत माझं काय राहिलं असतं? सांगा ना. मी म्हटलं, ‘बाई, मी तर असं काही लिहिलं नाही. वय झालं की होतं असं. एकदा दाखवून घ्या.’

दाखवलं. डॉक्टरने विचारलं, गोष्टी विसरता का? बाईंनीच सगळं सांगितलं, पाण्याचं, गच्चीचं, शाळेचं — आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिली म्हणा ना. गोळ्या चालू झाल्या. गोळ्यांनी दिवसभर गुंगी, गुंगीत एकदा गॅस तसाच राहिला, मग मुलगा आला परगावहून, फोन काढून घेतला, पंधरा दिवसांत सगळं आवरून संस्थेत ठेवलं. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून कळलं तरी.’

आमच्या हिने तेव्हापासून माझ्याबरोबर जेवणं सोडलंय. नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही, तिला पित्ताचा त्रास आहे. बोलतही नाही फारसं. कानानं कमी ऐकू येत असेल.

परवा जाऊन आलो मी बाईंकडे. — का म्हणजे? शेजारी होतो ना. खिडकीशी बसल्या होत्या. मला ओळखलं, नावानिशी, भावाचीही चौकशी केली. म्हणजे डोकं शाबूत आहे बघा! मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, बाई, जेवलात का? समोर रिकामं ताट, हात अजून ओला. तर त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मी जेवले का हो?’ नर्स म्हणाली, हो. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘हो, जेवले.’

मी लगेच उठलो. बसची वेळ झाली होती.

— अहो, उठलात का? चहा टाकलाय, येईलच. अगं, चहा — काय म्हणालात? — नाही, ऐकू आलं मला. परत म्हणायची गरज नाही. नवीन आहात म्हणून मनावर घेत नाही, पण हे बोलणं मी लक्षात ठेवीन. यायचं नाही ग्रुपात? नका येऊ. चारशे बारा आहेत, तुमच्या दोघांवाचून काही अडलेलं नाही. पण मग लिफ्टमध्ये अडकलात, घरात कुणाला एकाएकी काही झालं, तर या दाराशी यायचं नाही, सांगून ठेवतो. जा आता. आणि कडी — राहू द्या. तुम्ही हात नका लावू दाराला. मी लावतो.